ठेकेदाराच्या साइटचं गंजकं कुलूप

‘काही होत नाही हो’ असं म्हणणारी माणसं मी जन्मभर बघत आले. विहिरीचा कठडा ढासळलाय, पोरंबाळं तिथंच खेळतात, तरी काही होत नाही. गाडीचा आख कुरकुरतोय, घाट उतरायचाय, तरी काही होत नाही. पण ह्या सगळ्यांचा राजा मला शहरातल्या छावणी भागात भेटला, टँकरच्या ठेकेदाराच्या हापिसात, पंख्याखाली बसलेला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याच्या ह्या एका वाक्यापायी माझ्या सुनेचं दुकान बंद पडायची पाळी आली होती. आता ती गोष्ट जुनी झाली, पण तो माणूस आठवला की अजून माझ्या कपाळाला आठी पडते.

आधी आमचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळंल. आम्ही मूळचे कन्नडकडचे, मेंढरांमागं फिरणारी माणसं. मेंढरं कमी होत गेली, चराईची रानं प्लॉटवाल्यांनी खाल्ली, आणि आम्ही पडेगावला येऊन राहिलो. मुलगा वाळूजला कंपनीत लागला. आमच्या गल्लीत सगळी अशीच, इकडून तिकडून आलेली घरं. कुणी बांधकामावर, कुणी कंपनीत, दोनचार बायका अजून शेरडं राखून होत्या.

शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकले ती एसटीच्या पाट्यांवरून. कन्नडच्या बाजारात मेंढरं घेऊन बसलं की समोर गाड्या लागायच्या, आणि मी जाणाऱ्यायेणाऱ्याला विचारायचे, ‘दादा, ही कुठली गाडी, आणि ह्यातलं हे पयलं अक्षर कोणतं?’ असं करत करत वाचायला आलं. पण अशा शिकण्याची एक खोड राहते. समोर काही लिहिलेलं दिसलं की ते सगळंच्या सगळं वाचल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. शिकलेल्यांचं उलटं असतं. त्यांना वाचता येतं, म्हणून ते वाचत नाहीत.

माझी सून बारावी झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं दुकान टाकलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लाइटबिल, पोरांचे निकाल. दुकान चांगलं चालायचं. मी स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे, ती कामं करायची. ‘आत्या, तुम्ही बोलायला आहात म्हणून लोकं थांबतात, न्हाय तर लाईन बघून परत गेली असती,’ असं म्हणायची. सासू म्हणून मला दुसरं काय पाहिजे.

दुकानाच्या भिंतीला पाण्याचा माठ, आणि माठाच्या वर तिनं वायफायचं नाव आणि पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. कुणीतरी तिला म्हणालं, असं भिंतीवर लिहीत नसतात. ती म्हणाली, लोकं बसतात, त्यांचं बॅलन्स कशाला जाळायचं. आमच्यात रीतच आहे, की वाटसरूला पाणी आणि वाट ह्या दोन गोष्टींना नाही म्हणायचं नाही. रानात मेंढरं बसवली आणि कुणी परका आला, तर तो कोण, कुठला हे नंतर, आधी तांब्या पुढं करायचा. त्या रीतीनंच तिनं वायफायही वाटलं. आमच्याशिवाय ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. बोअर आटले. धरणाचा नाथसागर आटला, पार तळाला गेला असं रोज पेपरात यायचं. शहर मात्र वाढतच होतं. दौलताबाद रोडला एकेक टाउनशिप उठत होती, कमानीवर कारंज्याची चित्रं, आणि आमच्या गल्लीत नळाची लाईनच नाही. आम्हाला टँकर. ठेकेदाराकडं आधी फोन करून नंबर लावावा लागायचा, मग त्यानं वेबसाइट काढली. प्रत्येक गल्लीचं एक खातं. आदल्या दिवशी खात्यातून नंबर लावायचा, पत्ता तिथं लिहिलेलाच असायचा, आणि सकाळी गाडी यायची. आमच्या गल्लीचं खातं अर्थातच सुनेकडं आलं. दुकान तिचं, कॉम्प्युटर तिचा, आणि बाकीच्यांना आयतं पाहिजे.

पहिल्या काही दिवसांतच ती साइट उघडताना लाल पान यायला लागलं. सून सरावानं ते खाली सरकवून कुठंतरी दाबायची आणि पान निघून जायचं. मी एकदा म्हटलं, थांब, मला वाचू दे. सावकाश वाचलं. तुमचं कनेक्शन खाजगी नाही, कुणी तुमचे पासवर्ड चोरायचा प्रयत्न करत असेल, असं त्यात लिहिलं होतं. मराठीत, सरळ.

मी म्हटलं, ‘पोरी, हे तर साफ सांगायलंय.’

‘व्हय आत्या, पण सगळेच पुढं जातात. ठेकेदाराच्या हापिसातूनच सांगितलंय, ॲडव्हान्सवर दाबा, खाली बारीक अक्षरात पुढं जा असं येतं, ते दाबा.’

‘दारावर चोर उभाय अशी पाटी लावायची, आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं, तरी या?’

ती हसली. पण तिलाही ते बरं वाटलं नव्हतं, कारण तिनं हापिसात फोन लावला. पलीकडं तोच पांढऱ्या शर्टातला साहेब. नाव सांगायचं तर सांगता येईल, पण त्याला कागदावर जागा कशाला द्यायची. तो म्हणाला, ‘मॅडम, ते लाल पान सगळ्याच साइटला येतं. काही होत नाही हो.’

पुढं तर कॉम्प्युटरनं स्वतःला नवं केलं, आणि ते बारीक अक्षरही गेलं. साइट उघडेचना. पुन्हा फोन. साहेब म्हणाला, ‘तुमच्याकडं एखादा जुना कॉम्प्युटर असंल तर त्यावर चालतं. आम्ही इथं जुनाच वापरतो.’ म्हणजे बघा, नवं यंत्र म्हणतंय मी ह्या दारातून आत जाणार नाही, आणि हा म्हणतोय, मग ज्याला दिसत नाही असं म्हातारं यंत्र आणा. सुनेनं पलंगाखालचा जुना डबा बाहेर काढला, धूळ झटकली, कोपऱ्यात लावला. त्यावर साइट लगेच उघडली. वर कुलपाचं छोटं चित्रसुद्धा दिसलं. सगळे खूश.

आणि मग एका सकाळी टँकर आलाच नाही.

ड्रम, हंडे, बादल्या रांगेत लावून बायका उभ्या होत्या. ऊन वर आलं. सुनेनं फोन केला तर हापिसातून उत्तर, की तुमच्याच खात्यातून काल पत्ता बदललाय, गाडी त्या पत्त्यावर गेली. पत्ता होता नव्या टाउनशिपचा. सून म्हणाली, मी बदललाच नाही. ते म्हणाले, पासवर्ड तुमच्याकडंच आहे ना.

चुकून झालं असंल म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी गिळलं. पण थोड्या दिवसांनी पुन्हा तसंच, मग पुन्हा. खात्याचा पासवर्ड बदलून झाला, उपयोग नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली, आणि आमच्या गल्लीत कुजबुज मोठ्यानंच करतात. समोरची बाई माझ्याच वयाची, तोंडानं तिखट. ती दुकानाच्या पायरीशी रिकामा हंडा आपटून म्हणाली, ‘अक्का, आमच्या ड्रमाला तळ लागला, आन् तुमच्या दुकानात नवा पंखा लागला. देव कुणाला काय देतो बघा.’

मी म्हटलं, ‘पंखा उन्हाळ्याच्या आधीचाय, तुला आज दिसला. तुझी नजर कुठं होती एवढे दिवस?’

‘नजर पाण्याकडं होती अक्का. ते इकायला लागल्यावर पंख्याकडं गेली.’

सून आत झेरॉक्स काढत होती. तिनं ऐकलं, आणि काढायचं थांबवलं नाही. पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

त्या संध्याकाळी माझा मुलगा कंपनीतून आला आणि जेवायच्या आधीच म्हणाला, ‘दुकान बंद कर.’

सून म्हणाली, ‘का?’

‘लोकं मला नाक्यावर अडवून विचारायलेत, टाउनशिपवाल्यानं काय दिलं म्हणून. मी काय सांगू? हे महिनाभर चाललं तर ह्या गल्लीत राहता येणार न्हाय आपल्याला.’

‘म्या काही केलं असतं तर बंद केलं असतं. न केलेल्यासाठी बंद केलं तर केलंच असं ठरंल.’

‘माय, तू सांग तिला.’

मी म्हटलं, ‘तिचं बरोबर हाय. तू जेव.’ आमचा मुलगा वाईट नाही, पण लोकांनी भुवई उचलली की तो लगेच मागं सरकतो. त्यानं शेवटी एवढंच म्हटलं, की ह्या उन्हाळ्यात सोक्षमोक्ष लागला नाही तर दुकानाचं शटर मीच ओढणार. आणि तो ओढंल हे आम्हा दोघींना माहीत होतं. घराचा कर्ता तोच.

सुनेची एक कोर्सातली मैत्रीण वाळूजला एका कंपनीत कॉम्प्युटरच्या खात्यात होती. सुनेनं तिला साइटचं नाव पाठवलं आणि विचारलं, जरा बघ. थोड्या वेळानं तिचा फोन आला, ती हसतच होती. मी सुनेच्या बाजूला बसून कान लावला.

ती म्हणाली, ‘अगं, कुलूप आहे, पण कसलं? इंटरनेटवर आपण लिहिलेलं दुसऱ्याला कळू नये म्हणून ते गुंडाळून, गुंतवून पाठवतात. तो गुंता करायची ह्यांची पद्धत इतकी जुनी आहे की ती सोडवायची कशी हे आता कुणालाही शोधून सापडतं. म्हणून नवे ब्राउझर तिकडं जाऊच देत नाहीत. तुझा जुना डबा जातो, कारण त्याला ती पद्धत अजून खरी वाटते.’

सुनेनं विचारलं, ‘पण सोडवायला आधी ते हातात तर पडाय पाहिजे ना?’

‘एकाच वायफायवर बसलेल्याच्या हातात पडतं. तुझं वायफाय कोण कोण वापरतं?’

सुनेनं भिंतीकडं बघितलं. मीही बघितलं. माठाच्या वर एवढ्या मोठ्या अक्षरात.

मला तेव्हा वाघूर आठवली. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं दोऱ्याचं जाळं, खुंट्या ठोकून त्यावर ताणायचं. लांबून बघितलं तर कुजलेली वाघूर आणि नवी वाघूर सारखीच दिसते. माझा बाप दर हंगामाला एकेक गाठ हातानं ओढून बघायचा. शेजारच्या वाड्यावरचा एक माणूस हसायचा त्याला. म्हणायचा, जाळं तर जाळ्यासारखं दिसतंय, काय लागलाय ओढत. बाप म्हणायचा, ‘तुला दिसायसाठी न्हाय लावली. लांडग्यासाठी लावलीय, आन् तो ओढूनच बघतो.’ त्या हसणाऱ्याची मेंढरं पुढं लांडग्यानं नेली, मग तो वर्षभर लांडग्याला शिव्या देत फिरला. ठेकेदाराचा साहेब मला अगदी तसाच वाटला. कुलपाचं चित्र दिसतंय ना, झालं. चोरानं ओढून बघू नये एवढीच त्याची अपेक्षा.

सुनेनं भिंतीवरचं पुसलं, वायफायचा पासवर्ड बदलला, कुणालाच दिला नाही. आणि टँकर रोज यायला लागला. मला वाटलं, झालं, सुटलो. कुठलं सुटतोय. समोरची बाई म्हणाली, ‘बोभाटा झाला तसा धंदा बंद केला. बघा, आता कशी रोज गाडी येती.’ म्हणजे पाणी गेलं तर आम्ही विकलं, आणि पाणी आलं तर आम्ही घाबरलो. अशा माणसाला तुम्ही काय पटवणार. सुनेनं सगळ्यांना समजावून सांगितलं, कुलूप, गुंता, वायफाय. ते ऐकून एकजण म्हणाला, ‘वैनी, हवेतून पासवर्ड चोरतात व्हय? मग आमच्या मनातलं बी चोरत असतील.’ सगळे हसले. ज्यांना मोबाइलवर आलेला कुठलाही मेसेज खरा वाटतो, ती हीच माणसं.

मुलगा रोज शटरकडं बघायचा. मग सून म्हणाली, ‘आत्या, आपण छावणीत जाऊ. हापिसानंच सांगितलं की साइटमध्ये खोट आहे, तर गल्ली ऐकंल. माझं ऐकणार न्हाय.’

आम्ही रिक्षानं गेलो. हापिस छावणीच्या बाजाराच्या मागं, वर पत्रे, आत कूलर. दुष्काळात पाणी विकणाऱ्याचा कूलर कधी कोरडा नसतो. साहेबानं आम्हाला बसा म्हटलं, पण खुर्ची एकच होती, त्यावर फाइली. सुनेनं शांतपणे सगळं सांगितलं. तो मधे मधे मोबाइल बघत होता.

तो म्हणाला, ‘मॅडम, साइटवर कुलूप दिसतं का नाही दिसत?’

‘दिसतं साहेब. पण जुनंय. नव्या कॉम्प्युटरवर साइट उघडतच न्हाय, ह्याचा अर्थच तो.’

‘जुनं मुद्दाम ठेवलंय. कसंय ना, आपले गिऱ्हाईक जुने लोक. ह्या आजींसारखे. त्यांच्याकडं जुने मोबाइल, जुने कॉम्प्युटर. नवं केलं तर त्यांचं बंद पडंल. आम्हाला सगळ्यांचा विचार करावा लागतो.’

मी म्हटलं, ‘साहेब, माझं नाव कशाला घेता. म्या कधी म्हटलं मला कुजकं द्या?’

‘आजी, तुम्हाला ह्यातलं कळणार नाही.’

‘मला न्हाय कळत. पण लाल पान मी वाचलंय. तुम्ही वाचलंय का?’

त्याला राग आला. लोकांना वाटतं राग म्हणजे ताकद. ह्याचा राग म्हणजे उकळत्या दुधावर आलेला फेस. तो म्हणाला, साइट बदलायची म्हणजे बुकिंग बंद ठेवावं लागतं, ऐन टंचाईत तसं जमत नसतं, आणि खोट साइटमध्ये नाही, तुमच्या घरात आहे. मी येतो, म्हणाला. तुमच्या दुकानात, तुमच्या गल्लीसमोर, तुमच्याच कॉम्प्युटरवरून मी माझं खातं उघडून दाखवतो. मग बघू काय होतंय.

आणि आला की. दुसऱ्याच दिवशी दुपारी, जीपमधून. गल्ली गोळा झाली. तमाशाला माणसं गोळा करायला दवंडी लागत नाही. बाकड्यावर नेहमीची चारदोन गिऱ्हाइकं होती. त्यात एक चष्मेवाला माणूस, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा, बोलायला एकदम नरम. महिन्या-दोन महिन्यांपासून यायचा. माठातलं पाणी पिऊन ‘मावशी, तुमच्यासारखं गार पाणी कुठं नाही’ म्हणायचा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू.

साहेबानं जुन्या डब्यासमोर बैठक मारली. सून म्हणाली, ‘साहेब, मी वायफायचा पासवर्ड बदललाय, आता तसं होणार न्हाय.’

‘म्हणजे? जसं आधी होतं तसं करा. अगदी तसंच. न्हाय तर उद्या म्हणाल साहेबानं चलाखी केली.’

‘साहेब, नका करू. तुमचं खातं मोठं आहे, सगळ्या गल्ल्या त्यात दिसतात. हे तुम्ही हापिसात करा.’

‘घाबरल्या का? अहो, काही होत नाही हो.’

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, कर बाई, साहेब सांगतायत. तिनं सगळ्यांसमोर जुना पासवर्ड परत लावला. बाकड्यावरच्यांचे मोबाइल आपोआप जोडले गेले असतील, लॅपटॉपही. साहेबानं आपलं खातं उघडलं, गल्लीला दाखवलं, हे बघा कुलूप, हे बघा तुमचा पत्ता, सगळं जागच्या जागी. मग बाहेर येऊन छोटंसं भाषणच ठोकलं, की टेक्नॉलॉजीला दोष देणं सोपं असतं, आपल्या माणसांना आधी तपासावं. समोरची बाई मान डोलवत होती. मुलगा सुट्टी टाकून आला होता, तो शटरच्या कडेला हात ठेवून उभा होता. सून आत गेली आणि नळ नसलेल्या मोरीत तोंड धुतलं, तांब्याभर पाण्यात. बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. तिनं वायफाय बंद केलं. पण साहेबाचं काम तेवढ्यात होऊन गेलं होतं.

मुलगा म्हणाला, ‘उद्यापासून बंद.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीला टँकर नाही. मागच्या गल्लीलाही नाही. रस्त्यापलीकडच्या वस्तीलाही नाही. पडेगावात ठेकेदाराची एकही गाडी कुठंच नाही. लोकं सगळीकडून आमच्या दुकानासमोर आली, कारण शिव्या द्यायला ते एकच ठिकाण त्यांना माहीत होतं. मुलगा आत शटरची चावी शोधत होता.

तेवढ्यात आमच्या गल्लीचा टँकरवाला आला, रिकामी गाडी घेऊन. खाली उतरून फडक्यानं मान पुसत म्हणाला, ‘समद्या गाड्या टाउनशिपला खाली केल्या. हापिसाचाच हुकूम होता, साहेबाच्या खात्यावरून. तिथं सिमेंटवर मारायलेत पाणी. कॉलमला गोणपाटं गुंडाळलीत, आन् त्यावर पाइपानं सोडायलेत.’

बायका ऐकत होत्या. प्यायचं पाणी सिमेंटला.

मी विचारलं, ‘तिथं गाड्या कोण घेतो?’

‘तो चष्मेवाला, तुमच्या बाकड्यावर बसतो ना लॅपटॉप घेऊन, तोच. तिथल्या बांधकामाच्या ठेकेदाराचा माणूसाय तो. मला वाटलं तुमचा पाव्हणाय म्हणून मी कधी बोललो न्हाय.’

सगळ्यांनी बाकड्याकडं बघितलं. बाकडं रिकामं होतं. तो त्या दिवशी आला नव्हता, आणि पुन्हा कधी येणारही नव्हता.

पण तुम्हाला वाटंल, लगेच सगळे वळले असतील. छे. समोरची बाई म्हणाली, ‘बाकड्यावर बसवत कोण होतं त्याला?’ आणि दोघीतिघी ‘व्हय की’ म्हणाल्या. माणूस एकदा वाईट बोलला की ते खरं व्हावं म्हणून किती धडपडतो ते बघण्यासारखं असतं.

तेव्हाच सुनेचा मोबाइल वाजला. हापिसाचा नंबर. तिनं तो हातात घेतला, दुकानात दाटलेल्या त्या माणसांकडं बघितलं, स्पीकरचं बटण दाबलं आणि मोबाइल काउंटरवर उताणा ठेवला.

‘बोला साहेब.’

साहेबाचा आवाज सगळ्या दुकानात पसरला. कालचा आवाज नव्हता तो. ‘मॅडम, एकट्या आहात ना?’

सून म्हणाली, ‘दुकानात आहे साहेब. बोला.’

‘ते काल... माझा पासवर्ड गेला. तुमच्या इथूनच गेला, म्हणजे तुमचा दोष नाही, मी काय म्हणतो, साइटचंच होतं ते. तुम्ही सांगत होता ते बरोबर होतं. मालक माझ्यावर पेटलेत. आता एवढं करा, हे गल्लीत बोलू नका. लोकांना वाटतंय ना तुमच्याकडून झालं, तर थोडे दिवस वाटू द्या. लोक विसरतात हो. काही होत नाही.’

समोरच्या बाईच्या हातात हंडा होता, तो तिनं हळूच खाली ठेवला, वाजू न देता.

सून म्हणाली, ‘साहेब, टँकर कधी येतोय?’

‘दुपारपर्यंत. नक्की. तुमच्या गल्लीला पहिला. पण ते तेवढं...’

‘बरंय,’ असं म्हणून तिनं फोन बंद केला.

माझा मुलगा आतल्या दारात चावी घेऊन उभा होता. त्यानं ती चावी खुंटीला परत अडकवली आणि कंपनीत जायला निघाला. बायकोला काही म्हणायला पाहिजे होतं त्यानं, निदान उंबऱ्यातून वळून. पण आमच्या घरातल्या पुरुषांना चूक कळली की चपला पटकन सापडतात.

बाकी, ज्या साहेबाला ऐन टंचाईत साइट बदलणं जमत नव्हतं, त्याची साइट त्या आठवड्यातच नवी झाली. नव्या कॉम्प्युटरवर उघडायला लागली, लाल पान गेलं. मधे बुकिंग दीड दिवस फोनवर घेतलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचे जुने मोबाइल बंद पडणार होते म्हणे. एकाचाही पडला नाही. गल्लीचं पाणी पुन्हा पुन्हा गेलं तेव्हा जे होत नव्हतं, ते मालकानं एकदा ओरडल्यावर झालं. आठवला की आठी पडते, पण त्या माणसाचा राग आता येत नाही, राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

त्या दिवशी दुपारी टँकर आला, पाणी भरून झालं. संध्याकाळी समोरची बाई दुकानाच्या पायरीवर आली. मला वाटलं आता हिला माफी मागताना बघायला मिळंल, म्हणून मी स्टूल जरा पुढं ओढलं. ती सुनेला म्हणाली, ‘सूनबाई, उद्याचा नंबर लावलास का?’

एवढंच. जसं मधे काही घडलंच नाही.

सून म्हणाली, ‘न्हाय काकू. आता गल्लीचं खातं मी बघणार न्हाय. दुकान माझं चालू राहील, फॉर्म आणा, झेरॉक्स आणा, करून देईन. टँकरचं तुमचं तुम्ही बघा.’

‘आम्हाला कुठं येतं ते?’

‘शिकवते. लई अवघड न्हाय. या, बसा इथं.’

आणि तिनं स्वतःची खुर्ची सोडून तिला बसवलं. ती बाई बसली, माऊस असा धरला जसा विंचू नांगीला धरावा, आणि सून तिच्या खांद्यावरून वाकून दाखवायला लागली, इथं दाबा, आता हे वाचा, न्हाय काकू, आधी वाचा, मग दाबा. मी थोडा वेळ बघितलं आणि उठून आत गेले. मी असते तर तिला पायरीवरच उभी ठेवली असती.